मंदा भोईर हिचा सातवा रकाना

तारखा माझ्या वहीत आहेत. येथे महिने पुरेत; ज्यांनी उत्तर द्यायचे आहे त्यांना तारखा माझ्याइतक्याच पाठ असाव्यात. आणीबाणी उठली त्याच्या पुढल्या वर्षीचा फेब्रुवारी : कशेळ्याच्या वरच्या पाड्यावरची एक अडलेली बाई आमच्या तालुक्यातील एका धर्मादाय रुग्णालयात आणली गेली. त्याच वर्षीचा एप्रिल : तेथे भूलशास्त्राचे प्रशिक्षण घेत असलेल्या डॉ. मंदा भोईर हिचे वार्षिक प्रगती-परीक्षण मुंबईत झाले. मे : तिची नेमणूक संपल्याचे एका ओळीचे पत्र आले. गेला डिसेंबर : ती काविळीने वारली. वय चाळिशीच्या आत.

जबाबदार कोण, तेही क्रमाने सांगतो. पहिले, तिचे पर्यवेक्षक. त्यांचे नाव देत नाही. ते त्यांना ठाऊक आहे. दुसरे, परीक्षण समितीचे तीन सभासद, ज्यांनी वही उघडली पण वाचली नाही. तिसरे, रुग्णालयाचे विश्वस्त, ज्यांना सर्व माहीत होते. चौथे नाव माझे आहे. ते कशासाठी, हे यथाक्रम येईल. मी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून आयुष्य काढले आहे. आरोपींच्या यादीतून स्वतःला वगळणारा फिर्यादी किती टिकतो, हे मी पाहिलेले आहे.

मंदा आमच्या कर्जतच्या घरी मागची खोली भाड्याने मागायला आली, तो प्रसंग प्रथम सांगतो. मी ओसरीवर अर्ज लिहीत बसलो होतो. तिने नमस्कार केला, खोलीविषयी विचारले, आणि मी बोलत असताना माझ्या तोंडाकडे इतके रोखून पाहू लागली की मी थांबलो.

"काय पाहतेस?"

"काका, वरचे दात खरे नायत ना?"

सरकारी नोकरीत माझ्या कवळीचा उल्लेख कोणी समोरासमोर केला नव्हता. मी म्हणालो, "त्याचा खोलीशी संबंध काय?"

"काही नाही. ऑपरेशनला जाल तेव्हा आठवणीनं काढून ठेवा. घशात जाते."

"माझं कसलंही ऑपरेशन नाही."

"आज नाय," ती म्हणाली.

माझी पत्नी दारामागे हसली आणि खोली तिला मिळाली.

माणसाला प्रथम भेटताच तिची नजर त्याच्या जबड्यावर, मानेवर, हलणाऱ्या दातांवर जाई. या माणसाला भूल द्यावी लागली तर श्वासाची वाट कशी मोकळी ठेवता येईल, हा हिशेब तिच्या मनात आपोआप सुरू होई. आमच्या पोस्टमनची आखूड मान पाहून ती एकदा गंभीरपणे म्हणाली, "हे अवघड जाणार." त्या सद्गृहस्थास पुढे कितीतरी दिवस आपल्याला काहीतरी दुर्धर झाल्याचा संशय होता. एस.टी.मध्ये कोणी डुलक्या घेऊ लागले की ही शेजारी बसून त्याचे श्वास मोजी. माझी पत्नी दुपारी घोरू लागली की ही हळूच जाऊन तिची हनुवटी दोन बोटांनी वर उचली, घोरणे थांबे. "पुढं ओढायची, बस," म्हणे. ती बोटे अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. मुळाशी रुंद, टोकाला निमुळती. खालापूरच्या बाजूला तिच्या वडिलांची भातशेती होती आणि लावणीच्या दिवसांत ती हटकून रजा घेऊन घरी जाई. रोपाची मूठ आणि माणसाची हनुवटी धरायची पद्धत एकच, जोर नको, सोडायचे नाही, असे ती मला समजावीत असे.

तिच्या कामाचा मोठेपणा लोकांना कळत नाही, याचे तिला दुःख नव्हते. "सर्जनला पेढे," ती हसून सांगे, "आणि माझ्याविषयी विचारतात, ती डोक्याशी उभी व्हती ती कोन गं? पण काका, माणूस उठला की मला विसरतो. विसरला म्हणजे काम चोख झालं."

आता पेजेविषयी सांगणे प्राप्त आहे, कारण सर्व प्रकरण तिच्यावर उभे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या पोटात अन्न असता कामा नये. ईथरची भूल चढताना उलटी झाली, तर बेशुद्ध माणसाची उलटी फुप्फुसात उतरते आणि तो टेबलावर गुदमरतो. हे रुग्णालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते. आमच्या पाड्यांवरच्या बायांना अक्षर येत नाही आणि उपाशी माणसाला चाकूखाली पाठवणे त्यांच्या मनाला पटत नाही. आपल्या माणसाला काय व्हायचे ते भरल्या पोटी होवो, अशी त्यांची समजूत. ती दुष्ट नव्हे, प्रेमाची आहे. म्हणून सासू, आई, आत्या, कोणीतरी पहाटे पदराआडून तांदळाची पेज भरवते. डॉक्टरने विचारले की सगळे शपथेवर सांगतात, "पानी पन नाय."

मंदा कधीच 'काही खाल्ले का' असे विचारीत नसे. ती रुग्णाजवळच्या सर्वांत म्हाताऱ्या बाईशेजारी उकिडवी बसे, तंबाखूची, पिकाची चौकशी करी, आणि मध्येच सहज म्हणे, "मावशी, पेजेला मीठ घातलं व्हतं का गं?"

"घातलं ना! आळनी कशी उतरंल तिच्या घशाखाली?"

एवढे झाले की मंदा उठे आणि शस्त्रक्रिया काही तास पुढे ढकलली जाई. साक्षीदाराची उलटतपासणी मी तीस वर्षे ऐकली. इतका निरुपद्रवी वाटणारा आणि इतका अचूक प्रश्न एकाही वकिलाच्या तोंडून ऐकला नाही, असे मी तिला सांगितले तेव्हा ती लाजली. माझ्याकडून तिने स्वीकारलेली ती एकमेव प्रशंसा.

प्रशिक्षणार्थी डॉक्टराचे वर्षातून एकदा मुंबईत परीक्षण होई. ती त्याला 'वर्षाची झडती' म्हणे. झडतीला एक जाड नोंदवही न्यावी लागे. तिच्यात दिलेल्या प्रत्येक भुलीची एक ओळ, आणि ओळीला सात रकाने : क्रमांक, नाव, वय, शस्त्रक्रिया, भुलीचा प्रकार, परिणाम. सातवा रकाना होता, 'पर्यवेक्षक उपस्थित होते काय?' तीन सभासद वही पाहत, तोंडी प्रश्न विचारीत आणि पुढले वर्ष देत किंवा नाकारीत. पुढले वर्ष मिळाले नाही, तर आधीची वर्षेही पाण्यात.

नियम असा की पर्यवेक्षकाने ठरल्या दिवशी रुग्णालयात हजर राहावे आणि त्याच्या देखत शिकाऊ डॉक्टराने भूल द्यावी. पर्यवेक्षक मुंबईचे. त्यांचा दवाखाना तेथे चालत होता आणि पळसदरीला धरणाच्या बाजूस त्यांचे सुटीचे घर होते. रुग्णालयात ते उगवत नसत; शनिवारी पळसदरीला मात्र चुकत नसत. सबब मंदा वही पिशवीत घालून शनिवारी पळसदरीला जाई. त्यांनी 'उपस्थित' असा रबरी शिक्का करून घेतला होता. ते व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून ओळीओळीवर शिक्का मारीत, शाईचा पॅड मंदा धरून उभी राही. पहिल्या वर्षी ती तशीच उत्तीर्ण झाली. मला तेव्हा शिक्क्याचे ठाऊक नव्हते.

दुसऱ्या वर्षी, जानेवारीपासून, रोज संध्याकाळी जेवणापूर्वी आमच्या ओसरीवर झडतीची तयारी चाले. ती लाल शाईने रकाने आखी आणि मी परीक्षक होई. तिने मला प्रश्नोत्तरांची यादी लिहून दिली होती. वैद्यक मला कळत नाही, पण उत्तर टाळणारा माणूस मला कळतो.

"रुग्णाचे ओठ निळे पडले. प्रथम काय कराल?"

"हनुवटी वर, नळीत अडथळा आहे का पाहीन, प्राणवायू..."

"यादीतलं उत्तर निराळं आहे."

"हो. 'वरिष्ठांस बोलवावे.'"

"वरिष्ठ कोठे आहेत?"

"पळसदरीला," मंदा म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. आतून माझी पत्नीही हसली. मी हसलो नाही. मी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, "म्हणजे काय?" तेव्हा मला शिक्क्याची हकीकत प्रथम कळली. मी त्याच क्षणी पत्र लिहायला घेतले. तिने माझ्या हातातला कागद काढून घेतला. "झडती होऊं दे काका. मग लिवा काय लिवायचं ते."

फेब्रुवारीतली ती दुपार पर्यवेक्षकांच्या हजेरीची होती. ते आले नव्हते. मुंबईला लावलेला ट्रंककॉल लागला नाही. दोन दिवस अडलेली ती बाई जीपमधून आणली होती. सर्जन हात धुऊन उभे, म्हणाले, नेहमीसारखे ईथर द्या. मंदा दाराशी बसलेल्या सासूजवळ गेली. मिठाचा प्रश्न. सासू म्हणाली, "घातलं की. वाटीभर पाजली, अंगात बळ नको?"

थांबायला वेळ नव्हता. मंदाने ईथर दिले नाही. पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करायची रीत आहे. रुग्ण शुद्धीत राहतो. पर्यवेक्षकाच्या गैरहजेरीत ती करायची तिला मुभा नव्हती. तिने केली. मूल बाहेर येता येता बाईला उलटी झाली आणि वाटीभर पेज वर आली. बाई जागी होती, म्हणून मंदाने तिची मान वळवताच ती थुंकली, आणि "पोर रडलं का?" म्हणाली. ईथरखाली असती तर काय झाले असते, हे मला मंदाने सांगितले नाही; सर्जनांनी सांगितले. पंधरा दिवसांनी सासू वालाच्या शेंगा घेऊन आमच्या ओसरीवर आली आणि मंदाला म्हणाली, "फसवलंस गं बाय मला. मला वाटलं तुला सैपाकाचं कवतिक!"

त्या दुपारनंतरच्या पहिल्या शनिवारी मंदा वही घेऊन पळसदरीला गेली. शिक्के पडत गेले. त्या ओळीवर हात थांबला. "पाठीत सुई? कोणाला विचारून?" तिने हकीकत सांगितली. ते म्हणाले, "ईथर लिही. मग शिक्का मारतो."

ती घरी आली आणि वही उघडी ठेवून बसली. माझ्यापुढे तिने केलेला युक्तिवाद मी शब्दशः देतो, कारण त्याला मी तेव्हा न्याय दिला नाही. "काका, एक शब्द हाय. बाई जिती हाय, पोर जितं हाय. ईथर लिवलं म्हणून त्यांचं काय जातंय? मला भांडायचं नाय. मला पास व्हायचंय."

मी काय बोललो ते सर्व आठवते. खोट्या नोंदीला कायद्यात काय म्हणतात ते सांगितले. कलम सांगितले. मग मी विचारले, "आणि ज्या ओळींवर शिक्के आहेत, त्या दिवशी ते हजर होते?" तिने वहीची पाने मागे उलटली. मी म्हणालो, "मग त्याही खोट्या. एक ओळ खरी आणि बाकीची वही खोटी, असा पुरावा टिकत नाही."

माझी पत्नी आतून आली. एरवी ती माझ्या कागदपत्रांत पडत नसे. म्हणाली, "अहो, तिची परीक्षा आहे. तुमचा खटला नव्हे."

मी ऐकले नाही. दोन संध्याकाळी मंदाने लाल शाईने प्रत्येक खोट्या शिक्क्याशेजारी, आणि फेब्रुवारीच्या त्या बिनशिक्क्याच्या ओळीतही, स्वतःच्या अक्षरात एकेक शब्द लिहिला : नाही. नाही. नाही. मी शेजारी बसून तारखा वाचत होतो. वहीसोबतचे पत्र मी रचले; त्यात 'सबब' होते, 'उपरिनिर्दिष्ट' होते, सहा परिच्छेद होते. तिने ते आपल्या हाताने उतरवून सही केली. सासूचे प्रतिज्ञापत्रही मी करवून घेतले. 'मी सूनबाईस पेज दिली, तीत मीठ होते.' खाली तिचा अंगठा. मला त्या कागदाचा अभिमान वाटत होता.

एप्रिलमध्ये मंदा मुंबईहून संध्याकाळच्या गाडीने परतली. हातपाय धुतले, ओसरीवर बसली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "काका, निळ्या ओठांचं कोणी विचारलंच नाय."

तीन महिने ती ज्या प्रश्नांची तयारी करीत होती त्यांतला एकही प्रश्न निघाला नाही. समितीने पत्र वाचले आणि विचारले, हे कोणी लिहून दिले? ती म्हणाली, माझे आहे. पुन्हा विचारले. ती म्हणाली, सही माझी आहे. तिने माझे नाव घेतले नाही. एका सभासदाने प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचून दाखवले आणि मीठ आल्यावर तिघेही हसले. "त्या म्हातारीच्या अंगठ्याला हसले काका," ती म्हणाली. एवढे सांगताना मात्र तिचा आवाज हलला.

निकाल असा : पर्यवेक्षणाविना दिलेली भूल प्रशिक्षण म्हणून ग्राह्य नाही, शिवाय अधिकृत शिक्क्यांवर खाडाखोड केली. खोटा शिक्का अधिकृत ठरला आणि खरा शब्द खाडाखोड ठरला. पर्यवेक्षकांनी लेखी कळवले की सदर डॉक्टर परवानगीविना काम करीत असल्याची त्यांना कल्पना नव्हती. मे महिन्यात ते एका ओळीचे पत्र आले.

प्रश्न एकाच ओळीचा असता तर ती कदाचित वाचली असती. सर्जन तिच्या बाजूने बोलायला तयार होते. एक ओळ ते सांभाळून घेऊ शकले असते. संपूर्ण वही खोटी आहे असे ते बोलले असते तर विश्वस्तांची अब्रू गेली असती, म्हणून ते बोलले नाहीत. संपूर्ण वहीत 'नाही' मी लिहायला लावले. हा माझा गुन्हा. तो मी येथे कबूल करतो आणि बचाव देत नाही.

मी पत्रे लिहिली. मुंबईला, पुण्याला, दिल्लीलाही. 'आपले पत्र मिळाले' अशी उत्तरे आली; ती सर्व फायलीत आहेत. एके दिवशी मंदा फायलीवर हात ठेवून म्हणाली, "आता नको काका. मी हाय तोवर तरी नको." मी तिचा शब्द नऊ वर्षे पाळला.

तिने रसायनीला एका कारखान्याच्या दवाखान्यात नोकरी धरली. खोकला, भाजलेले हात, रजेच्या चिठ्ठ्या. कोणाची हनुवटी धरायचे काम तेथे नव्हते. पहिली काही वर्षे दिवाळीला आमच्या घरी येई, पत्नीला फराळात मदत करी. भुलीचा विषय ती काढीत नसे आणि मी काढायचा धीर केला नाही. एकदा मात्र एस.टी.त तिच्याशेजारी बसलो असताना समोरचा माणूस पेंगू लागला. मी तिच्याकडे पाहिले. ती खिडकीबाहेर पाहत होती. मुद्दाम पाहत होती.

माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले त्याला आता चार वर्षे होतील. त्याच रुग्णालयात. न कळवता ती सकाळी रसायनीहून आली, खाटेशी उभी राहिली आणि तळहात पुढे केला.

"कवळी द्या."

मी दिली. तिने ती रुमालात गुंडाळली.

"काकूनं पेज दिलीय?"

"नाही."

ती पत्नीकडे वळली. "काकू, मीठ घातलं व्हतं का?" पत्नी म्हणाली, "चहा दिला होता गं अर्धा कप, उठल्याउठल्या. सांगू नको म्हणाले." मंदाने नव्या भूलतज्ज्ञाला जाऊन सांगितले आणि मला दुपारपर्यंत थांबवले. कायद्याचा माणूस मी. मला खोटे बोलताना तिने पकडले ते तेवढ्यापुरतेच, असे मला वाटत नाही.

दुपारी मला आत नेताना ती ढकलगाडीबरोबर चालत दारापर्यंत आली. दाराशी परिचारिका म्हणाली, "बाई, नातेवाइकांनी बाहेर थांबायचं." मंदा म्हणाली, "हो, हो," आणि मागे सरली. दाराला गोल काच होती. मला भूल चढत असताना त्या काचेत तिचा चेहरा होता. नजर माझ्या छातीवर, ओठ हलत होते. ती माझे श्वास मोजीत होती. शुद्धीवर आलो तेव्हा उशाशी रुमालातली कवळी होती आणि ती शेवटच्या एस.टी.ने गेली होती. त्यानंतर तिची भेट झाली नाही.

ती म्हणायची, माणूस उठला की मला विसरतो. मी विसरलेलो नाही.

वही आता माझ्यापाशी आहे. तिच्या वडिलांनी ती स्वतः आणून दिली. ज्याला पाहायची असेल त्याने कर्जतला यावे, ओसरीवर बसून पाहावी. आणि पर्यवेक्षक महाशय, माझी मागणी एकच आहे. मला खासगी पत्र नको, मध्यस्थ नको, वकिलाची नोटीस नको. हा मजकूर जेथे छापला जाईल, तेथेच, त्याच वाचकांसमोर, आपल्या नावानिशी उत्तर द्यावे. फेब्रुवारीतल्या त्या दुपारी आपण उपस्थित होतात काय? सहा परिच्छेद लागत नाहीत. तिने एका शब्दात लिहिले होते.